कोपराच्या आत ठोके देणारी गाठ: सुरी लावण्याआधी

प्रश्न खानापूर तालुक्यातून आलाय, थोडक्यात असा. वडील ५८ वर्षांचे. दीड महिन्यापूर्वी ऊसतोडीत कोयता निसटून डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला लागला. रक्ताची चिळकांडी उडाली, टॉवेल करकचून बांधून दवाखान्यात नेलं, टाके पडले, आठ-दहा दिवसांत जखम वरून वाळली. आता तिथंच गाठ आलीय, रोज थोडी वाढतेय आणि अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर वाटतात. भावकीतले म्हणतात, "गळू हाय, पिकलं की फोडून घ्या." तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र गाठीवर नुसता हात ठेवला आणि सांगितलं, हिला सुई-सुरी काही लावू देऊ नका, बेळगावात जाऊन डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा. रिपोर्टमध्ये ‘ब्रेकियल आर्टरी स्यूडोएन्यूरिझम, ३.५ सेंटिमीटर’ असं आलंय. आता मुलाचे प्रश्न: हे फुटेल का, इंजेक्शनने जाईल का, आणि हात कापावा लागतो असं कुणीतरी म्हणालं ते खरं का?

आधी उत्तरं देतो, कारणं मागून. हात कापावा लागणार नाही, वेळेत आलात तर. इंजेक्शनने घालवायच्या भानगडीत या गाठीच्या बाबतीत पडू नये. ऑपरेशन लागेल, आणि ते याच आठवड्यात व्हावं. गाळप हंगाम संपल्यावर बघू असं म्हणू नका. आणि तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांचे आभार माना. गाठीवर हात ठेवून ठोके ओळखायला पाच सेकंद लागतात, पण ते पाच सेकंद सगळेच देतात असं नाही. अशी गाठ गळू समजून फोडली की रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतात.

आत नेमकं काय झालंय ते सांगतो. दंडातली मुख्य धमनी, म्हणजे ब्रेकियल, कोपराच्या खोबणीत अगदी वर येते. तिच्यावर कातडी, थोडी चरबी आणि बायसेप्स स्नायूची एक पातळ पट्टी, एवढंच आवरण. मनगटाकडे जाणाऱ्या दोन धमन्या, अंगठ्याकडची रेडियल आणि करंगळीकडची अल्नर, इथूनच थोडं खाली फुटतात. कोयत्याने धमनीच्या भिंतीला छेद गेला, वरची कातडी शिवली गेली, पण धमनीचं भोक तसंच राहिलं. पाटाला भगदाड पडावं, पाणी शेजारच्या रानात शिरावं आणि बांधाला अडून तिथं डबकं व्हावं, तसं रक्त बाहेर येऊन आजूबाजूच्या मांसात अडकलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त भोकातून आत शिरतं, ठोका ओसरला की परत फिरतं. अशा गाठीला धमनीची स्वतःची भिंत नसते, गोठलेल्या रक्ताची आणि जून झालेल्या मांसाची पिशवी असते. म्हणून हिला खोटा एन्यूरिझम म्हणतात. खऱ्या एन्यूरिझममध्ये धमनीची भिंतच तिन्ही थरांसकट फुगते. हाताच्या धमन्यांत खरा प्रकार फार कमी आढळतो. माझ्याकडे येतात ते बहुतेक मार लागलेले, कापलेले किंवा सुई टोचलेले.

लोकांना फुटण्याची धास्ती असते. पोटातल्या महाधमनीच्या एन्यूरिझमबद्दल वाचून, ऐकून ती आलेली असते. तिथं साडेपाच सेंटिमीटर झालं की ऑपरेशनचा विचार, असा ठोकताळा आहे आणि तो त्या जागी बरोबर आहे. हाताला तो लावू नका. हातातली खरी भानगड आकाराची नसते. पिशवीत रक्त घोळत राहतं, तिथं गुठळ्या धरतात आणि त्यातला एखादा तुकडा सुटून खाली बोटांत जाऊन अडकतो. दीड सेंटिमीटरच्या फुगवट्यानेही बोटाचं टोक काळं पडू शकतं. दुसरी गोष्ट दाबाची. कोपराच्या खोबणीत धमनीला खेटून मीडियन नस जाते. ही नस रक्ताची नव्हे, संवेदना आणि हालचालीची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांची संवेदना तिच्याकडे. तुमच्या वडिलांची नेमकी हीच बोटं बधिर आहेत, म्हणजे गाठ नसेला चेपतेय. मी घाई करायला सांगतोय ती यासाठी. धमनी पुढच्या महिन्यातही जोडता येते. नस फार दिवस चेपून राहिली तर तिचं तसं नाही.

घरी एक बघा. वडिलांना अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करायला सांगा. गोल चपटा झाला, बोटांचे शेवटचे सांधे वाकलेच नाहीत, तर मीडियनची आतली फांदी दुबळी झालीय. तसं असेल तर आठवडाही थांबू नका, उद्याच या.

तपासणीत आम्ही काय करतो? दोन्ही हातांची दोन बोटं गाठीच्या दोन बाजूंना ठेवतो. धमनीवर नुसती बसलेली गाठ असेल तर बोटं वर उचलली जातात. गाठ स्वतःच ठोके देत असेल तर बोटं एकमेकांपासून लांब ढकलली जातात. हा फरक हाताला कळतो, मशीन नंतर. मग गाठीच्या वर, दंडावर धमनी दाबून बघायची. ठोके थांबले आणि गाठ थोडी मऊ पडली तर निदान जवळपास झालंच. स्टेथोस्कोपने सूं-सूं ऐकू येते का बघायचं. हाताला सतत थरथर लागत असेल तर शेजारच्या शिरेलाही, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीलाही, भोक पडून धमनी आणि शीर जोडली गेली आहे का, ही शंका घ्यायची. मनगटाची नाडी तपासायची. पण नाडी लागते म्हणून सगळं ठीक, असं समजू नये. कोपराभोवती लहान वाहिन्यांचं मोठं जाळं आहे, मुख्य धमनी बिघडली तरी त्या जाळ्यातून खाली रक्त पोचतं आणि नाडी लागते. दोन्ही हातांचं ब्लड प्रेशर घ्यायचं. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक आला की कान टवकारायचे. नखांच्या कडा आणि बोटांची टोकं उजेडात धरून बघायची, बारीक काळे-जांभळे ठिपके तिथंच सापडतात.

कलर डॉपलर चांगल्या हातात असेल तर निदानाला तेवढं पुरतं. पिशवीत लाल आणि निळा असे दोन्ही रंग अर्धे-अर्धे घोळताना दिसतात, आणि मानेशी, म्हणजे धमनीला जोडणाऱ्या अरुंद भागाशी, आलेख आत-बाहेर आत-बाहेर असा येतो. तुमच्या रिपोर्टमध्ये मानेची रुंदी लिहिलेली नाही. करणाऱ्याला ती पुन्हा विचारून घ्या, आम्हाला आकारापेक्षा ती जास्त कामाची. त्यानंतर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य टोचून काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. ती ऑपरेशनचा नकाशा म्हणून हवी: मनगटाकडच्या दोन्ही धमन्या चालू आहेत का, कुठं गुठळी बसलीय का, कुणाच्या बाबतीत रेडियल दंडातूनच फुटलेली असते तसं काही आहे का. रंगद्रव्याचं इंजेक्शन उजव्या हातात द्यायला सांगा. दुखऱ्या हातात दिलं तर शिरेतलं दाट रंगद्रव्य चमकून शेजारची धमनी झाकोळून टाकतं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर तसं आधी सांगा.

आता इंजेक्शनचं. डॉपलरखाली पिशवीत थ्रॉम्बिन सोडून तिथलं रक्त गोठवायचं, ही पद्धत चांगली आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. अँजिओग्राफीसाठी मांडीत सुई टोचल्यावर तिथं झालेल्या, अरुंद आणि लांब मानेच्या गाठीला ती छान लागू पडते. पण कोपरात मान बहुतेक वेळा आखूड असते. थेंबभर औषध धमनीत निसटलं तर तेच औषध खाली बोटांतलं रक्त गोठवील. शिवाय तुमच्याकडे नस दबलेली आहे. रक्त गोठलं तरी गोळा तिथंच राहणार, नसेवरचा दाब हटणार नाही. सोनोग्राफीच्या प्रोबने (अंगावर फिरवायच्या दांड्याने) दाबून धरून भोक बुजवण्याचीही पद्धत आहे. ती ताज्या, लहान, सुईने झालेल्या गाठीला ठीक. दीड महिन्याच्या कोयत्याच्या जखमेला नाही. तिसरा पर्याय आच्छादित स्टेंट, म्हणजे धमनीच्या आत बसवायची, कापडासारखं आवरण असलेली जाळीची नळी. खांद्याखालच्या, कॉलरबोनमागच्या धमनीत मी तो वापरतो, पण कोपर दिवसातून शेकडो वेळा वाकतं आणि तिथं बसवलेला स्टेंट मुरडतो, मोडतो, बंद पडतो. शेतकऱ्याच्या कोपरात स्टेंट घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे उघडं ऑपरेशन. यात एक नियम पाळला तर बाकी सगळं सोपं जातं: पिशवीला सर्वांत शेवटी हात लावायचा. आधी तिच्यावर आणि तिच्याखाली धमनी ताब्यात घ्यायची.

खांद्यापासून हात बधिर करतात. त्याआधी कुठली बोटं बधिर आहेत, किती ताकद आहे हे कागदावर लिहून ठेवायला आम्ही भूलतज्ज्ञांना सांगतो, नाहीतर नंतर नस आधीची दुबळी की ऑपरेशनने झाली यावर नुसता वाद. एक पायही घोट्यापासून मांडीपर्यंत धुऊन निर्जंतुक करून उघडा ठेवायचा. शीर लागली तर तिथून घ्यायची. वडिलांना हे आधी सांगून ठेवा, हाताच्या ऑपरेशनला पाय कशाला रंगवला म्हणून पेशंट घाबरतात. चीर कोपराच्या घडीवरून सरळ नेत नाहीत. सरळ नेली तर व्रण आवळून कोपर पुढं उघडत नाही. म्हणून ती दंडाच्या आतल्या कडेने खाली, घडीवर आडवी, मग पुढच्या हातावर उतरती अशी नागमोडी घेतात. दंडात बायसेप्सच्या आतल्या खोबणीत निरोगी धमनी सापडते. तिच्याभोवती रबरी फीत. खाली जिथं रेडियल-अल्नर फुटतात तिथं दोघींभोवती वेगवेगळ्या फिती. मग मीडियन नस शोधायची. ती पिशवीवर ताणून चपटी झालेली असते, कधी कधी पातळ पडद्यासारखी दिसते आणि घाईत कापली जाऊ शकते. या टप्प्यावर मी कुणाशी बोलत नाही.

नस बाजूला केली की वजनाप्रमाणे हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यायचं, साधारण पेशंटला ५,००० युनिट, तीनेक मिनिटं थांबायचं आणि मगच धमनी बंद धरणारे बारीक चिमटे, म्हणजे क्लॅम्प, लावायचे. आता पिशवी उघडायची. आत काळपट, थर बसलेल्या गुठळ्या निघतात, त्या बोटाने काढून टाकल्या की तळाशी धमनीचं भोक दिसतं. ताजी, स्वच्छ, लहान चीर असेल तर ६-० किंवा ७-० प्रोलिनच्या (अगदी बारीक दोऱ्याच्या) दोन-चार टाक्यांत काम होतं. दीड महिन्यानंतर कडा बहुधा जून आणि ठिसूळ झालेल्या असतात. त्या तशाच शिवल्या तर महिन्याभरात परत गाठ. म्हणून खराब तुकडा कापून टाकायचा. दोन टोकं ओढ न पडता जुळली तर थेट जोडायची. ती कोपर वाकवून जुळवायची नाहीत, हात सरळ ठेवून जुळतात का तेच बघायचं. अंतर जास्त राहिलं तर पायातली शीर घ्यायची आणि उलटी करून बसवायची, कारण शिरेच्या आत एका दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. प्लास्टिकची नळी कोपरात नको. ती बंद पडण्याचं प्रमाण जास्त, आणि शेतातल्या जखमेत जंतूंची भीती वेगळी. जोडण्याआधी बारीक फोगार्टी कॅथेटर (टोकाला फुगा असलेली, गुठळ्या ओढून काढणारी नळी) मनगटापर्यंत फिरवून खाली गुठळी राहिली नाही ना, याची खात्री करायची. क्लॅम्प काढल्यावर तळहात गुलाबी होतो, मनगटाची नाडी बोटाला लागते. पिशवीची भिंत पूर्ण सोलून काढायचा हट्ट धरू नये. ती नसेला चिकटलेली असते, तेवढा भाग तिथंच ठेवलेला बरा.

"वरून धमनी बांधून टाकली तर भागणार नाही का?" असं एका पेशंटच्या चुलत्यांनी मला विचारलं होतं, आणि प्रश्न चांगला होता. हाच प्रयोग १८८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला रुडॉल्फ मातास यांनी केला. छर्रे लागलेल्या एका शेतमजुराच्या दंडातला एन्यूरिझम होता. त्यांनी वरून धमनी बांधली, काही दिवसांत ठोके परत आले. खालूनही बांधली, तरी गाठ हटेना. शेवटी त्यांनी पिशवी उघडली आणि आत उघडणारी रक्तवाहिन्यांची तोंडं आतूनच शिवून टाकली. कोपराभोवतीच्या त्या जाळ्याचा हा प्रताप. त्या काळात धमनी जोडायचं भरवशाचं तंत्रच नव्हतं. ते आलं पुढं विसाव्या शतकात अलेक्सी कारेल यांच्या टाक्यांमुळं, ज्यासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. आज जोडता येत असताना ब्रेकियल नुसती बांधून सोडणं हा शेवटचा उपाय, पू झालेल्या गाठीत किंवा जीव वाचवताना. मनगटाजवळ मात्र गोष्ट वेगळी. तिथं दोन धमन्या आहेत आणि एक भक्कम असेल तर दुसरी बांधलेली चालते.

भक्कम आहे का हे बघायची एक साधी परीक्षा आहे, ॲलन यांनी १९२९ मध्ये सांगितलेली. मूठ घट्ट आवळायची, मनगटावर दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायची. तळहात पांढराफटक दिसतो. आता अल्नरवरचा दाब सोडायचा. पाच-सात सेकंदांत लाली पसरली तर अल्नर एकटी हात सांभाळू शकते. मग उलट बाजूने तेच.

मनगटावरून आठवलं म्हणून बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी चार ओळी. फाउंड्रीत, फिटिंगच्या कामात तळहाताच्या करंगळीकडच्या गादीने ठोकायची सवय असते. साचा हलत नाही, मार तळहात. तिथं हॅमेट नावाच्या हाडाच्या आकड्यावरून अल्नर धमनी जाते. वर्षानुवर्षं ठोकून तिची भिंत खराब होते, फुगवटा येतो आणि करंगळी-अनामिकेच्या टोकांना गुठळ्या जातात. अंगठा सहसा वाचतो. असा माणूस बिडी ओढत असेल तर सगळे म्हणतात बिडीमुळं झालं. निपाणीकडून येणाऱ्या तरुणांत तंबाखूने होणारा, हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पाडणारा बर्गरचा आजार मी बघतो, तो खोटा नाही. पण त्यात सहसा एकापेक्षा जास्त हातपाय धरलेले असतात. एकाच हाताची दोन बोटं काळी पडत असतील तर कामाचा हात कुठला, हे आधी विचारावं. ठोकणं आणि बिडी दोन्ही बंद करून गोळ्यांवर बरेच सावरतात. फुगवटा असेल आणि तुकडे सुटत असतील तर तो भाग काढून शिरेचा तुकडा बसवावा लागतो.

तरुण मुलीचं एखादंच बोट थंडीत निळं पडतं आणि सगळे थंडी बाधली म्हणतात, तेव्हा छातीचा नव्हे, मानेचा एक्स-रे काढा. शंभरात एखाद्याला, त्याहूनही कमी जणांना, मानेत जादा फासळी असते. बहुतेकांना ती काही करत नाही. काहींच्यात ती कॉलरबोनमागच्या धमनीला चेपते, चेपलेल्या जागेच्या पुढं धमनी फुगते आणि तिथून गुठळ्या सुटतात. तिथं नुसती धमनी दुरुस्त करून उपयोग नाही, फासळी काढावी लागते. डायलिसिसच्या फिस्टुलावरचे, म्हणजे डायलिसिससाठी हातात मुद्दाम जोडलेल्या धमनी-शिरेवरचे, फुगे हा वेगळाच विषय. ते शिरेचे असतात. त्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा खपली धरली तर त्याच दिवशी दाखवा. रक्त फुटलं तर पंचा गुंडाळू नका, नेमक्या भोकावर एक बोट दाबून धरा आणि हात वर करा. ठोके देणारी कुठलीही गाठ लाल, गरम, तापासह असेल तर जंतू आहेत असं धरून चालायचं, हृदयाच्या झडपांची इको करायची, कारण संसर्ग तिथूनही येतो.

ऑपरेशननंतर पहिली रात्र दर तासाला नाडी बघतात. बोटं हळूच सरळ केल्यावर पुढच्या हातात असह्य कळ आली तर नर्सला लगेच सांगा, सकाळची वाट बघू नका. स्नायूंच्या आत दाब वाढल्याची ती खूण आहे आणि वेळेत स्नायूंभोवतीचं आवरण कापून मोकळं केलं तर स्नायू वाचतात. तीन-चार दिवसांत घरी, बारा-चौदा दिवसांनी टाके, ॲस्पिरिन काही महिने. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. कोयता, पाण्याची घागर, मोटरसायकलचा हँडल, हे दीड-दोन महिने नको. बधिरपणा लगेच जाईल असं मी सांगणार नाही. नस नुसती चेपलेली असेल तर काही आठवड्यांत सुटते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत वर्षाचा हिशेब.

तोवर घरी गाठ चेपायची नाही, तेल लावून चोळायची नाही, पोटीस नाही, हाडवैद्याकडे नाही. त्या हातात सलाईन नाही, ब्लड प्रेशरचा पट्टा नाही. हात एकदम थंड-पांढरा पडला किंवा गाठीवरची कातडी काळपट झाली तर तडक निघा, सहा तासांच्या आत रक्त चालू झालं पाहिजे हा आमचा हिशेब असतो. खानापूरहून बेळगाव जवळ आहे, मिरज-कोल्हापूरच्या ओळखी काढत बसू नका. येताना डॉपलरची सीडी, पहिल्या टाक्यांचा कागद, चालू गोळ्या आणि आरोग्य योजनेचं कार्ड घ्या. कार्ड कुठल्या राज्याचं आणि ते त्या दवाखान्यात चालतं का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, कधी थांबवायची ते आम्ही सांगू.